सुरत पाहायला किती दिवस ठेवावेत?

प्रश्न : आम्ही मूळचे जळगाव जिल्ह्यातले. यजमानांच्या नोकरीमुळे बऱ्याच वर्षांपासून सचिनला राहतो. यंदा दिवाळीच्या सुटीत दीर, जाऊबाई, त्यांची दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई आमच्याकडे येणार आहेत. आग्रा, जयपूर, छत्रपती संभाजीनगर त्यांचं पाहून झालं आहे. ‘आता सुरत दाखवा, एक दिवस पुरेल ना?’ असं दिरांनी विचारलं आहे. खरं सांगायचं तर इतकी वर्षं इथं राहून आम्हीही किल्ल्याच्या आत गेलेलो नाही. सुरत नीट पाहायची तर किती दिवस ठेवावेत? आणि ते ठरवायचे कसे?
— एक वाचक, सचिन (जि. सुरत)

उत्तर : तीन दिवस ठेवा. मुक्काम तुमच्या घरीच असू द्या. पहिला दिवस तापीकाठच्या जुन्या शहराला द्या, दुसरा कतारगाम दरवाजाजवळच्या जुन्या दफनभूमींना आणि गोपीपुऱ्याला, तिसरा दांडीला किंवा बारडोलीला. एका दिवसात सुरतेची फक्त रहदारी दिसेल. पाच दिवस ठेवलेत तर सासूबाई थकतील आणि मुलं कंटाळतील. तीन हा आकडा कसा आला, ते आता पाहू. एकदा हा हिशेब समजला की पुढं कुठल्याही जुन्या शहराचे दिवस तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.

दिरांचा ‘एक दिवस’ बहुधा आग्र्यावरून आला असावा. आग्र्याला एक ताजमहाल आहे. सकाळी तो पाहिला आणि दुपारी किल्ला पाहिला की बहुतेकांचं समाधान होतं. सुरतेत अशी एकच एक वास्तू नाही, आणि त्याला कारण आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात हे मोगल साम्राज्याचं सर्वांत गजबजलेलं बंदर होतं, पण राजधानी कधीच नव्हतं. इथला पैसा व्यापाऱ्यांचा. तो जहाजांत, मालात आणि हुंड्यांत फिरत असे. त्या पैशातून उभी राहिलेली घरं बरीचशी लाकडी होती. १८३७ साली लागलेल्या प्रचंड आगीत त्यांतली कितीतरी जळाली, आणि त्याच वर्षी तापीला मोठा पूर आला. त्यामुळे सुरतेचा जुना काळ एका आवारात मांडलेला सापडत नाही. एक किल्ला, एक सराई, काही कबरी, एका कवीचं घर, दरवाजांची उरलेली नावं, नदीचं मुख, असा तो विखुरलेला आहे. या जागा जोडत फिरायचं तर वेळ लागणारच.

म्हणून दिवस मोजताना ठिकाणांची यादी करू नका, अर्धे दिवस मोजा. सकाळ हा एक अर्धा दिवस आणि चारनंतरची संध्याकाळ हा दुसरा. दुपार जेवणाची आणि विश्रांतीची. एका अर्ध्या दिवसात एक महत्त्वाची जागा आणि तिच्या आसपासची एखादी लहान जागा, यापेक्षा जास्त ठेवू नये. या मापानं सुरत शहराला चार अर्धे दिवस लागतात आणि शहराबाहेरच्या इतिहासाला दोन. एकूण तीन दिवस झाले.

दुसरी गोष्ट साप्ताहिक सुटीची. तुमच्या दिरांना संभाजीनगरचा अनुभव असेल : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे ठाऊक नसलेला माणूस नेमक्या त्या दिवशी पोचला की त्याचा मुक्काम एका दिवसानं वाढतो किंवा निम्मं पाहायचं राहतं. ताजमहालही शुक्रवारी बंद असतो. सुरतेतली संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. त्यातून तुमच्या पाहुण्यांची सुटी दिवाळीची, आणि गुजरातेत दिवाळीनंतर नव्या वर्षाचे दिवस येतात. म्हणून किल्ला आणि संग्रहालयं त्या आठवड्यात कधी उघडी आहेत, हे निघण्याआधी फोन करून विचारा. त्यावरून कोणत्या दिवशी काय पाहायचं याचा क्रम बदला. दिवसांची संख्या बदलायची गरज नाही.

तिसरी गोष्ट सोबतीची. मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर दिवस वाढवण्यापेक्षा रोजचं काम कमी करावं. सासूबाईंना सगळीकडे नेण्याचा आग्रह धरू नका. त्यांना सकाळी बाहेर न्या आणि संध्याकाळी घरी आराम करू द्या. सचिनहून सुरत पंधरा-सोळा किलोमीटर आहे. तुमच्या घराजवळून सुटणारी बस हा इथं मोठा फायदा आहे. सुरत महापालिकेनं बीआरटीएस सुरू केली ती उधना दरवाजा ते सचिन जीआयडीसी नाका याच मार्गावर. त्यामुळे दुपारी घरी येऊन पुन्हा निघणं अवघड नाही. हॉटेलात उतरलेल्या प्रवाशाला हे जमत नाही. तो एकदा बाहेर पडला की रात्रीच परततो आणि दोन दिवसांत दमून जातो.

प्रश्न : इतक्या दिवसांचं ऐकून दीर म्हणतील, सुरतेत एवढं आहे तरी काय? कोणी पूर्वी इथं राहायला येत असे का?

उत्तर : येत असे, आणि महिनोन्‌महिने राहत असे. शिडाच्या जहाजांच्या काळात सुरतेतला मुक्काम वारा ठरवत असे. युरोपची जहाजं पावसाळा संपता संपता पोचत, माल भरत, आणि अनुकूल वारे मिळाले की परतीला लागत. मक्केला जाणारे यात्रेकरू देशभरातून येऊन इथं जहाजाची वाट पाहत. मोगल काळात हजची मुख्य वाट सुरतेतूनच जात असे. नानपुऱ्याकडचा मक्काई पूल हे नाव त्या काळाची आठवण आहे. एवढ्या माणसांना उतरायला जागा हवी, म्हणून शहाजहानच्या काळात, १६४४ साली, हकीकत खानानं एक मोठी सराई बांधली. तीच मुगलीसरा. आज तिथं सुरत महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे. पावणेचारशे वर्षांपूर्वी मुक्कामासाठी बांधलेल्या इमारतीतून आज सगळ्या शहराचा कारभार चालतो. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

खानदेशच्या माणसाला तर सुरत परकी वाटण्याचं कारणच नाही. सुरतेहून आग्र्याला जाणारी एक मोठी वाट बुऱ्हाणपूरवरून, म्हणजे खानदेशातून जात असे. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानं सतराव्या शतकात त्या वाटेवरचे मुक्काम लिहून ठेवले. त्यांत बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा आहेत. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेला उतरला, ऑक्टोबरच्या अखेरीस निघाला आणि नोव्हेंबरच्या मध्यावर बुऱ्हाणपूरला पोचला. त्याला दोन आठवडे लागले.

तुमचे पाहुणे जळगावहून गाडीनं याच पट्ट्यातून उलट दिशेनं येतील. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, उकाई सोनगड, व्यारा, बारडोली आणि उधना. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, मुलांना खिडकीशी बसवून ते दाखवा. पुढचं सोनगड म्हणजे पिलाजी गायकवाडांचं ठाणं. बडोद्याच्या आधी गायकवाडांची सत्ता इथल्या डोंगरी किल्ल्यावरून चालत असे. गाडी थांबत असेल तर पाहुण्यांना सुरतेऐवजी उधन्यालाच उतरायला सांगा. तिथून सचिन जवळ पडेल.

प्रश्न : मुलांनी शाळेत ‘सुरतेची लूट’ शिकली आहे. त्या घटनेच्या जागा दाखवता येतील का?

उत्तर : येतील. पहिला दिवस त्यासाठीच ठेवा. चौक बाजारातल्या किल्ल्यापासून सुरुवात करा.

हा किल्ला गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याच्या हुकमानं १५४० ते १५४६ या काळात बांधला गेला. पोर्तुगीजांनी त्याआधी सुरत जाळली होती, त्यांना नदीतून वर येऊ न देण्यासाठी हा बंदोबस्त होता. बांधकाम पाहणारा खुदावंद खान, मूळ नाव ख्वाजा सफर, १५४६ मध्ये दीवच्या वेढ्यात मारला गेला. त्याची कबर, मर्जान शामी रोजा, याच जुन्या शहरात आहे. सकाळी किल्ल्यानंतर तीही पाहता येईल. अकबरानं १५७३ मध्ये किल्ला घेतला आणि १७५९ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. नंतर कितीतरी वर्षं तिथं सरकारी कचेऱ्या होत्या. अलीकडे महापालिकेनं त्याची दुरुस्ती केली आणि आत दालनं मांडून तो लोकांसाठी खुला केला. आत दोन-अडीच तास सहज जातात.

आता १६६४ चा जानेवारी. शिवाजी महाराज अचानक सुरतेवर आले आणि बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर एका बागेत त्यांचा तळ पडला. सुभेदार इनायत खान शहर सोडून याच किल्ल्यात दडून बसला. त्यानं वकील म्हणून पाठवलेल्या माणसानं महाराजांवरच हल्ला केला. तो फसला. विरजी व्होरासारख्या गडगंज व्यापाऱ्यांची घरं लुटली गेली. मात्र ख्रिस्ती मिशनरी फादर अँब्रोज यांच्या मठाला महाराजांनी धक्का लावू दिला नाही, असं फ्रेंच प्रवासी बर्निए यानं लिहून ठेवलं आहे. चार-पाच दिवसांत, मोगल फौज येण्याच्या आत, मराठे परतले. किल्ल्याच्या तटावर उभं राहून ही हकीकत मुलांना सांगितली की तटाच्या आतली माणसं किती सुरक्षित होती आणि बाहेरचं शहर किती उघडं होतं, हे त्यांना लगेच कळेल. शहराभोवती पक्की तटबंदी झाली ती या लुटीनंतर. तिचे दरवाजे आता बहुतेक राहिले नाहीत, पण दिल्ली दरवाजा, लाल दरवाजा, सहारा दरवाजा, कतारगाम दरवाजा, उधना दरवाजा ही नावं रोजच्या बोलण्यात आहेत. तुमची सचिनची बस उधना दरवाजाला पोचते, म्हणजे जुन्या तटाच्या सीमेवर. हे मुलांना बसमध्येच सांगा.

दुसरी लूट १६७० च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. परतताना मराठे बागलाणातून मुल्हेरवरून आले, आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीची लढाई झाली. नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावांचं नाव निघालं की सुरतेचा संबंध आपल्या नकाशाशी जुळतो.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी नदीकाठी थोडा वेळ बसा आणि मोठ्या मुलाला १९०७ ची गोष्ट सांगा. त्या वर्षीचं काँग्रेस अधिवेशन आधी नागपूरला ठरलं होतं. टिळकांच्या गटाचा तिथला जोर पाहून मवाळ नेत्यांनी ते सुरतेला हलवलं. डिसेंबरच्या अखेरीस तापीकाठच्या मंडपात रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षतेखाली ते भरलं. लोकमान्य बोलायला उभे राहिले, गोंधळ माजला, व्यासपीठावर जोडा येऊन पडला आणि काँग्रेस फुटली. पुढची नऊ वर्षं दोन्ही गट वेगळे राहिले. ते एकत्र आले १९१६ च्या लखनौ अधिवेशनात.

प्रश्न : दफनभूमी बघायला कोण जातं? मुलांना आणि सासूबाईंना तिथं नेणं बरं दिसेल का?

उत्तर : सासूबाईंना नको वाटत असेल तर त्या दिवशी त्यांना घरी राहू द्या. मुलांना मात्र न्या. सुरतेत सर्वांत विलक्षण बांधकामं कुठं असतील तर ती इथं आहेत. इंग्रज आणि डच व्यापारी एकमेकांवर छाप पाडण्यासाठी मेलेल्यांवरही घुमट आणि मनोरे बांधत होते. ते करताना त्यांनी इथल्या मकबऱ्यांची घडण उचलली. एवढे मोठे घुमट पाहिल्यावर कंपनीच्या व्यापाऱ्यांचा थाट कसा होता, याची कल्पना येते.

इंग्रज दफनभूमीतली सर्वांत मोठी इमारत ऑक्झिंडन बंधूंची आहे. धाकटा ख्रिस्टोफर १६५९ मध्ये वारला. थोरला सर जॉर्ज ऑक्झिंडन १६६९ मध्ये. हा जॉर्ज १६६४ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता आणि महाराजांच्या स्वारीत त्यानं वखार लढवून राखली. १६७४ मध्ये रायगडावरच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील म्हणून गेलेला हेन्री ऑक्झिंडन याच घराण्यातला. पहिल्या दिवशी किल्ल्यात ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी इथं पुढं सुरू होते. म्हणूनच दफनभूमी किल्ल्यानंतर ठेवली आहे, आधी नाही.

डच दफनभूमीत हेन्ड्रिक व्हान रीड याचा दुमजली घुमट आहे. केरळातल्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्यानं तिथल्या वैद्यांच्या मदतीनं सिद्ध केला. ॲमस्टरडॅमला १६७८ पासून तो छापला गेला. त्यासाठी झाडांची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे केरळी वैद्य होते. व्हान रीड १६९१ च्या डिसेंबरात मुंबईच्या जवळ जहाजावर वारला आणि त्याला सुरतेला आणून पुरलं. विज्ञानाची आवड असलेल्या मुलाला इथं सांगण्यासारखं खूप आहे.

तिथून गोपीपुऱ्याकडे या. आमलीरानमध्ये कवी नर्मद (१८३३–१८८६) यांचं घर आहे. गुजराती गद्याचा आणि समाजसुधारणेचा हा मोठा माणूस, आपल्या महात्मा फुल्यांच्या पिढीतला. जवळपास जैन मंदिरं आहेत. शाहपोरच्या चिंतामणी पार्श्वनाथ मंदिरातलं जुनं लाकूडकाम आणि त्यावरची चित्रं वेळ काढून पाहण्यासारखी आहेत. देवळांत आणि मशिदींत दर्शनाच्या वेळा, कपडे, फोटो यांचे नियम पाळा. पारशी अग्यारीत इतरांना प्रवेश नसतो, तेव्हा बाहेरूनच पाहावं. संध्याकाळ मोकळी ठेवा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक गोपी यांनी बांधलेला गोपी तलाव आता नीट केलेला आहे. मुलांना तिथं धावायला मोकळी जागा मिळेल आणि मोठ्यांना बसायला बाक.

प्रश्न : तिसरा दिवस दांडीला द्यावा की बारडोलीला?

उत्तर : सचिनला राहणाऱ्यानं दांडी निवडावी, कारण ती तुमच्याच बाजूला आहे. सचिननंतर मरोली आणि त्यानंतर नवसारी येतं. सुरतेच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. नवसारी हे जमशेटजी टाटांचं जन्मगाव, तिथून पुढं समुद्राकडे दांडी. १९३० च्या ६ एप्रिलला गांधीजींनी मूठभर मीठ उचललं ते इथं. २०१९ मध्ये उघडलेलं मिठाच्या सत्याग्रहाचं राष्ट्रीय स्मारक पाहायला अर्धा दिवस पुरतो. तेही सुटीच्या दिवशी बंद नाही ना, हे आधी विचारून घ्या.

बारडोलीचं महत्त्व कमी नाही. शेतसारा वाढवल्याविरुद्ध १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी उभे राहिले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. ‘सरदार’ हे नाव त्याच लढ्यात रूढ झालं. तिथला स्वराज आश्रम आणि सरदार संग्रहालय पाहण्यासारखं आहे. बारडोलीच्या पुढं हरिपुरा आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन तिथं झालं आणि त्यासाठी नंदलाल बोस यांनी खेड्यातल्या जीवनाची चित्रं रंगवली. पाहुण्यांना चौथा दिवस मिळाला तर तो बारडोली-हरिपुऱ्याचा. नाहीतर जळगावच्या परतीच्या वाटेवर बारडोली लागतंच. पुढच्या भेटीत तिथं उतरता येईल.

प्रश्न : आमच्या सचिनमध्येच दाखवण्यासारखं काही आहे का? पाहुणे विचारतातच.

उत्तर : पाहण्याजोगं थोडं आहे, पण सांगण्याजोगं भरपूर आहे. तुमचं गाव एका संस्थानाची राजधानी होतं, आणि त्या संस्थानाचं मूळ आहे आपल्या मुरुड-जंजिऱ्यात. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात वारशाचा वाद झाला. त्यातल्या एका वारसानं, बालू मियाँ म्हणजे सिद्दी अब्दुल करीम याकूत खान यांनी, १७९१ मध्ये जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना सोडून दिला आणि त्याबदल्यात सुरतेजवळची गावं घेतली. तेच सचिन संस्थान. पेशव्यांना मात्र जंजिरा प्रत्यक्षात मिळाला नाही, किल्ला दुसऱ्या सिद्दीच्या ताब्यात राहिला. ज्या किल्ल्यासाठी मराठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रयत्न केले, त्याच्या हक्काच्या मोबदल्यात तुमचं गाव दिलं गेलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. आफ्रिकी मूळ असलेल्या घराण्यानं गुजरातेत दीडशे वर्षांहून जास्त राज्य केलं, ही गोष्ट अजून फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट सिनेमाची. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक फातमा बेगम (‘बुलबुल-ए-परिस्तान’, १९२६) यांचं नाव सचिनचे नवाब इब्राहिम याकूत खान यांच्याशी जोडलेलं आहे. त्यांची मुलगी झुबेदा सुरतेत जन्मली आणि १९३१ मध्ये ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका झाली. पहिल्या संध्याकाळी पाहुणे येऊन चहापाणी झालं की या दोन गोष्टी सांगा. सचिन म्हणजे नुसती जीआयडीसी नव्हे, हे मुलांना तेव्हाच कळेल.

प्रश्न : साड्यांची खरेदी आणि सुरती खाणं यासाठी वेगळा दिवस ठेवावा का?

उत्तर : जाऊबाईंना साड्या घ्यायच्या असतील तर एक संध्याकाळ ठेवा, पण ती दिवाळीच्या आधी. दिवाळीनंतर इथले कापड बाजार लाभपंचमीपर्यंत आणि काही त्याहून जास्त दिवस बंद असतात, हिरे कारखान्यांनाही तेव्हा लांब सुटी असते. पाहुणे भाऊबीजेनंतर येणार असतील तर रिंग रोडच्या बाजारात जायचा बेत आखू नका. रविवारी तर एरवीही बरीच दुकानं बंद असतात.

खाण्यासाठी वेगळा दिवस लागत नाही. सकाळी बाहेर पडताना लोचो किंवा खमण, परतताना नानखटाई, एवढं पुरे. घारी चांदनी पडव्याची, म्हणजे कोजागरीच्या दुसऱ्या दिवसाची. मिठाईच्या दुकानांत ती नंतरही मिळते. पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, हिवाळ्यातच मिळतो. दिवाळीत तो मिळणार नाही. पाहुण्यांना तारखा बदलता येत असतील तर त्यांना जानेवारीत बोलवा. हवा चांगली असते, पोंक आणि उंधियो मिळतं, बाजार उघडे असतात आणि उत्तरायणाचे पतंग मुलांना पाहायला मिळतात.

प्रश्न : आणि खरोखर एकच दिवस मिळाला तर?

उत्तर : तर सगळ्या ठिकाणांवरून धावत जाऊ नका. सकाळी किल्ला, जेवणाआधी मुगलीसरा बाहेरून, आणि चारनंतर ऑक्झिंडन बंधूंची कबर. या तीन जागांत बंदर, यात्रेकरू आणि शिवाजी महाराज, अशी सुरतेची मुख्य कथा येते. उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवा. दिवस कमी असतील तर ठिकाणं कमी करावीत. तेवढीच ठिकाणं घाईनं उरकली तर पाहणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही, आणि मुलांना इतिहासाचा कायमचा कंटाळा येतो.

शेवटी तुम्हाला एक विनंती. पाहुणे येण्याआधी एखाद्या रविवारी तुम्ही दोघं किल्ल्यात जाऊन या. सुरतेत मराठी माणसं लाखांनी राहतात, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, लिंबायत, डिंडोली, उधना इथं अहिराणी रोज कानावर पडते. हे शहर आता आपलंही आहे. ते पाहुण्यांना दाखवायचं तर आधी आपण पाहिलेलं हवं. दिरांना आजच कळवा : सुरतेला पूर्ण तीन दिवस काढून या.